मुळावर

गौडाच्या पलीकडे, आमच्या या दलदलीत,
जमीन दरसाल बोटाच्या पेराएवढी खाली जाते.
घरं खांबांवर उभी, ती जागची हलत नाहीत.
मग दारापुढच्या एका पायरीच्या दोन होतात, दोनाच्या तीन,
आणि कुणीतरी मला फोन करतं:
क्राइन, वाळू घेऊन ये.

तीस वर्षं मी अंगणं उचलतोय.
खाली वाळू, वर काळी माती, तिच्यावर हिरवळीच्या गुंडाळ्या.
दुपारी तीनपर्यंत सगळं सपाट,
आणि घर पुन्हा रस्त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून.

मारिख्येनं मात्र ट्रक फाटकातच थांबवला.
हातात झाडूचा दांडा, त्याच्यावर खडूची रेघ.
ही तुझी वाळू, म्हणाली, आता इकडे ये.
दांडा तिनं अक्रोडाला टेकवून उभा केला.
दोन विती.
बघ, म्हणाली, आत्ताच कसा शिरलाय,
तारेच्या खांबासारखा सरळ. याची पावलं कुठायत?

मी म्हणालो, एवढं जुनं झाड, सोसेल.
म्हणालो, वाळूच तर आहे, पाणी जातं तिच्यातून.
ती म्हणाली, पाणी जातं. श्वास?

मला हाउबर्टची नासपती आठवली.
माझं पहिलं काम. वाळू थेट सालीला भिडवली होती,
गोल टेकाड करून, वर पिवळी फुलं लावून.
पहिल्या वर्षी काही झालं नाही.
दुसऱ्या वर्षी पानं लहान आली, हाउबर्ट म्हणाला थंडीनं.
तिसऱ्या वर्षी शेंडा उघडा.
चौथ्या वर्षी मी करवत घेऊन गेलो
आणि त्याचेही पैसे घेतले.
माती मुळावर येते, म्हणतात,
ते नुसतं बोलण्यापुरतं नसतं.

तर यंत्र रस्त्यावरच राहिलं.
फांद्यांची सावली पडते तिथवर तिनं सुतळी बांधली,
सुतळीला कपड्यांचे चिमटे, मला दिसावी म्हणून.
आत फक्त खुरपं, घमेलं आणि गुडघे.
जुन्या जमिनीवर आधी खडी,
खडीत भोकांचे पाइप, चाकाच्या आऱ्यांसारखे,
उतार कालव्याकडे.
चार पाइप उभे, तोंडाला जाळी.
बुंध्यापासून हातभर सोडून विटांचं कडं बांधायचं,
सिमेंट नाही, चुना नाही,
वीट विटेला नुसती टेकलेली
फटींतून वारा जावा म्हणून.

कड्याच्या पायासाठी चार बोटं उकरली
तर खुरपं खणकन वाजलं.
वीट. तिच्या शेजारी वीट.
छोट्या, पिवळट, आता कुणी भाजत नाही तसल्या,
वळत वळत बुंध्यामागून परत माझ्यापाशी आलेल्या.
त्यांच्या नि बुंध्याच्या मध्ये माती नव्हतीच,
कुजलेली पानं, कैक हिवाळ्यांची,
चहाच्या चोथ्यासारखी भुसभुशीत.
दोघांनी मिळून हातांनी उपसली.
कोपराएवढ्या खोलीवर
अक्रोड एकदम पसरला,
गवतात बसलेल्या बाईच्या झग्यासारखा.

तुझे वडील? मी विचारलं.
छे, ते सगळं बुजवायचे.
ती थांबली. नखांतला काळा चोथा बघत राहिली.
मग म्हणाली, आई बागेत तासन्‌तास असायची.
आम्हाला वाटायचं, ती रडायला जाते.

जुन्या कड्यावरच नवं चढवलं.
लाल विटा, खाली पिवळ्या, मध्ये शिवण दिसते.
वर जाळी टाकली, पोरांचे पाय अडकू नयेत म्हणून,
आणि दर शरदात पानं काढ, हे दोनदा सांगितलं.

झाड जगेल का?
चार वर्षांनी सांगतो.

बावीस विटा उरल्या. परत नेऊ का, विचारलं.
राहू दे शेडमध्ये, म्हणाली,
जमीन काय थांबणार आहे होय.